कुलूप नसलेलं दुकान

पैसे मोजून घेतलेला गेम खरंच आपला असतो का? डीआरएमविना गेम विकणाऱ्या एका पोलिश दुकानाने मोठमोठे प्रकाशक कसे राजी केले आणि त्यात गिऱ्हाइकाचा वाटा किती, याचा हा मागोवा.

३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. गेम २०१४चा. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. त्यामुळे सर्व्हर गेले, तसा गेमही गेला. ज्यांनी दुकानातून डबा विकत आणला होता, त्यांच्या हाती नुसती चकती उरली. पुढच्या काही दिवसांत अनेकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला गेला.

त्याच वर्षी डिसेंबरात आणखी एक घटना घडली. ब्लिझार्डने ‘वॉरक्राफ्ट’चे पहिले दोन जुने भाग ‘गॉग’ या ऑनलाइन दुकानातून काढून घेतले. नवी विक्री थांबली. पण ज्यांनी ते आधी घेतले होते, त्यांच्याकडे ते राहिले आणि आजही चालतात.

दोन्ही निर्णय प्रकाशकांचेच होते. पहिल्यात गिऱ्हाइकाचा माल गेला, दुसऱ्यात राहिला. फरक पडला तो कुलपामुळे.

कुलूप म्हणजे काय?

या कुलपाचं नाव डीआरएम, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. विकलेल्या फाइलची नक्कल होऊ नये, म्हणून फाइलमध्येच घातलेला पहारा. कधी तो इंटरनेटवरून परवानगी आणतो, कधी किती संगणकांवर गेम चढवला याची मोजदाद ठेवतो, कधी खेळ संपेपर्यंत सर्व्हरशी नातं तोडू देत नाही. हेतू चोरी रोखण्याचा. पण पहारा बसतो तो पैसे दिलेल्या माणसाच्या दारात. चोराच्या प्रतीतून तो केव्हाच काढून टाकलेला असतो.

२०१० साली युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ला सतत ऑनलाइन राहण्याची अट घातली. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरून गेम घेतलेले कित्येक खेळाडू बाहेर अडकले. २०१३मध्ये ‘सिमसिटी’चंही तेच झालं. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले आणि लोक रांगेत ताटकळले. नेटविना खेळायची सोय पुढे वर्षभराने आली.

आपल्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहा. आप्पा बळवंत चौकातून आणलेलं पुस्तक तीस वर्षांनीही आपलंच असतं. प्रकाशनसंस्था बंद पडली म्हणून त्याची पानं कोरी होत नाहीत. गेमच्या बाबतीत हा साधा हक्क मागावा लागतो.

फाइल हातात

गॉगवर गेम घेतला की खात्यातून त्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून घेता येतो: एक सेटअपची फाइल आणि गेम मोठा असेल तर तिच्यासोबत मोठ्या फाइलींचे भाग. त्या पेन ड्राइव्हवर ठेवा, हार्ड डिस्कवर ठेवा, दुसऱ्या संगणकावर चढवा. लॉगिन नाही, परवानगी नाही. त्यांचं ‘गॅलॅक्सी’ हे ॲप आहे, पण ते वापरलंच पाहिजे असं नाही.

गेल्या पावसाळ्यात देवरुखजवळच्या आमच्या गावी होतो. टॉवर बंद पडला आणि तीन दिवस नेट गेलं. भाच्याने हौसेने घेतलेला एक गेम त्याच्या लॅपटॉपवर होता; तो उघडायला गेला की लॉगिन मागायचा आणि तिथेच थांबायचा. मी पिशवीतून हार्ड डिस्क काढली, ‘फॉलआउट’च्या फोल्डरमधल्या सेटअपवर दोनदा टिचकी मारली. दोन मिनिटांत गेम सुरू. “मामा, ह्याला काहीच नको?” त्याने विचारलं. काहीच नको. १९९७ सालचा गेम, इन्व्हर्टरवर चाललेला लॅपटॉप, बाहेर धो धो पाऊस. विकत घेतलेली वस्तू आपली असणं म्हणजे काय, हे त्या पोराला कुठलंही व्याख्यान न देता कळलं.

वॉर्साचा धडा

गॉगची मुळं पोलंडमध्ये आहेत. मार्चिन इविन्स्की आणि मिखाव किचिन्स्की या दोन मित्रांनी १९९४मध्ये वॉर्सात ‘सीडी प्रोजेक्ट’ ही कंपनी काढली. परदेशी गेम आणून विकायचे, हा धंदा. पण बाजारात नकली सीडींचे ढीग होते. लॅमिंग्टन रोडची नव्वदच्या दशकातली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते चित्र वेगळं सांगायला नको.

या दोघांनी नकलेशी झुंजायचा वेगळा मार्ग धरला. १९९९मध्ये त्यांनी ‘बॉल्डर्स गेट’ पोलिश भाषेत आणला. नामवंत पोलिश नटांचे आवाज घेतले, डब्यात नकाशा, नियमांचं पुस्तक, संगीताची सीडी घातली. नकली प्रत स्वस्त होतीच, पण असा ऐवज तिच्यात नव्हता. पहिल्याच दिवशी १८,००० डबे खपले. नक्कल हरवायची असेल तर अस्सल माल नकलेपेक्षा सरस आणि सोयीचा करा, हा धडा त्यांनी पुढे सोडला नाही.

सप्टेंबर २००८मध्ये त्यांनी ‘गुड ओल्ड गेम्स’, म्हणजेच गॉग, सुरू केलं. जुने गेम, नव्या विंडोजवर चालतील असे दुरुस्त केलेले, सहा आणि दहा डॉलरांच्या आसपास किंमत, आणि कुलूप नाही. सुरुवातीला दोनच प्रकाशक सोबत आले: इंटरप्ले आणि कोडमास्टर्स. मग २००९मध्ये युबिसॉफ्ट, २०१०मध्ये ॲक्टिव्हिजन, २०११मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स, २०१४मध्ये लुकासआर्ट्‌सचे जुने गेम घेऊन डिस्ने, २०१५मध्ये बेथेस्डा. ज्या युबिसॉफ्टने २०१०मध्ये सतत ऑनलाइनची अट लादली, तिचेच जुने गेम त्याच वेळी इथे कुलपाविना विकले जात होते. एकाच कंपनीत दोन्ही गोष्टी नांदू शकतात, हे त्यामुळे सिद्ध झालं.

प्रकाशक का बिचकतात?

पहिली अडचण भीतीची. कुलूप नसलेली प्रत तासाभरात फुकट वाटली जाईल, ही धास्ती. तिला उत्तर द्यायला सीडी प्रोजेक्टने स्वतःचाच माल पणाला लावला. मे २०११मध्ये ‘द विचर २’ आला, तेव्हा दुकानातल्या डब्यांवर सेक्युरॉम नावाचं कुलूप होतं आणि गॉगवरची प्रत मोकळी होती. चोरांनी फोडून पसरवली ती डब्यातली प्रत, असं इविन्स्की यांनी नंतर सांगितलं. कुलूप घातलेला गेम मंदही चालत होता. काही दिवसांतच कंपनीने ते काढून टाकलं. पुढचा भाग, २०१५चा ‘द विचर ३’, गॉगवर पहिल्या दिवसापासून कुलपाविना होता. सगळ्या मंचांवर मिळून २०२३पर्यंत त्याच्या ५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

तरीही भीती अगदीच निराधार आहे, असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या एका अभ्यासात डेन्युव्हो हे कुलूप वापरणारे ८६ गेम तपासले गेले. ते कुलूप पहिल्याच आठवड्यात फुटलं तर उत्पन्नात सरासरी २० टक्क्यांची घट दिसली. पण बारा आठवड्यांनंतर फुटलं तर नुकसान जवळपास शून्य. म्हणजे कुलपाचा उपयोग असलाच तर पहिल्या तीन महिन्यांपुरता. त्यानंतर ते फक्त गिऱ्हाइकाला जाचतं. प्रकाशकांशी बोलण्याची खरी जागा इथे आहे. पहिल्या दिवशी नको, तिमाही उलटल्यावर द्या. सोनीचा ‘होरायझन झीरो डॉन’ ऑगस्ट २०२०मध्ये पीसीवर आला आणि नोव्हेंबरमध्ये गॉगवर. ‘स्कायरिम’ मात्र अकरा वर्षांनी, २०२२मध्ये. हे अंतर कमी करता येण्याजोगं आहे.

दुसरी अडचण हक्कांच्या गुंत्याची. ‘सिस्टम शॉक २’ १९९९चा. तो बनवणारा लुकिंग ग्लास स्टुडिओ २००० साली बंद पडला आणि हक्क वाटेत एका विमा कंपनीकडे गेले. गॉगवर सर्वाधिक मागणी याच गेमला होती, पण विकायचा कुणाकडून घेऊन? २०१२च्या सुमारास स्टीफन किक हा तरुण मध्य अमेरिकेत भटकंती करत होता. त्याला हा गेम पुन्हा खेळावासा वाटला, पण तो विकत कुठेच मिळेना. त्याने हक्कांचा माग काढत थेट विमा कंपनी गाठली, करार केला, आणि फेब्रुवारी २०१३मध्ये गेम गॉगवर आला. त्यातूनच नाइटडाइव्ह स्टुडिओ उभा राहिला. सातबाऱ्यावर दहा नावं असलेली जमीन सोडवायला जी चिकाटी लागते, तीच इथे लागते.

तिसरी अडचण कष्टांची आणि अनास्थेची. जुना गेम आजच्या संगणकावर चालवायचा तर माणसं लावावी लागतात. प्रकाशकाला तो उद्योग परवडत नाही, किंवा ‘नवी आवृत्ती आहेच की’ असं वाटतं. कॅपकॉमकडे ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या झळझळीत नव्या आवृत्त्या होत्या, तरी मूळ तीन गेमही लोकांना हवे आहेत, हे गॉगने पटवून दिलं आणि २०२४मध्ये ते एकेक करून आले. डागडुजीचं काम दुकानानेच अंगावर घेतलं. नोव्हेंबर २०२४मध्ये गॉगने १०० गेमपासून जतन उपक्रम सुरू केला. त्यातले गेम पुढेही चालते ठेवण्याची हमी दुकानाची. ही हमी मोलाची आहे, कारण व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीनुसार २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या अभिजात गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत.

दुकानाचीही परीक्षा

विश्वासावर चालणारं दुकान स्वतः चुकलं की घाव खोल जातो. डिसेंबर २०२०मध्ये गॉगने तैवानच्या रेड कँडल स्टुडिओचा ‘डिव्होशन’ विकणार असं जाहीर केलं आणि त्याच दिवशी माघार घेतली. चीनमध्ये वादग्रस्त ठरलेल्या त्या गेमबाबत दुकानाने कच खाल्ली, असंच त्याच्या गिऱ्हाइकांना वाटलं. सप्टेंबर २०२१मध्ये ‘हिटमॅन’ आला, पण त्यातली बरीचशी प्रगती नेटशिवाय नोंदवलीच जात नव्हती. गिऱ्हाइकांनी तीव्र निषेध केला आणि ऑक्टोबरात तो गेम काढून टाकावा लागला. मोठं नाव मिळावं म्हणून नियम वाकवला तर दुकानाचं वेगळेपणच संपतं, हे त्या गिऱ्हाइकांनी दाखवून दिलं. डिसेंबर २०२५मध्ये किचिन्स्की यांनी सीडी प्रोजेक्टकडून गॉग स्वतः विकत घेतलं. आता ते स्वतंत्र आहे, आणि म्हणून जबाबदारीही त्याची एकट्याची.

कायद्याचं वारंही थोडं फिरलं आहे. १ जानेवारी २०२५पासून कॅलिफोर्नियात परवाना विकताना सरळ ‘विकत घ्या’ म्हणता येत नाही. तो निव्वळ परवाना आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं. कायमची उतरवून ठेवता येणारी, नेटविना चालणारी प्रत मिळत असेल तर मात्र ही अट नाही. गॉगवरची खरेदीही कायद्याच्या भाषेत परवानाच असते, पण फाइल आपल्या हातात असते. युरोपात ‘द क्रू’नंतर उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या नागरिक उपक्रमावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

आपल्या हातात काय?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ काढला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट, दुर्गा आणि विष्णू सांगतात अशी. २०१७मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा या चमूचा प्रयत्न फसला होता. तोटा सोसण्याची ताकद ज्यांच्याकडे सर्वांत कमी, अशा या चमूने आपला गेम गॉगवरही ठेवला, कुलपाविना. इतक्या लहान चमूला हा विश्वास परवडतो, तर मोठ्या कंपन्यांची सबब फार काळ टिकत नाही.

प्रकाशक तत्त्वासाठी येत नाहीत, ते मागणी पाहून येतात. गॉगच्या ‘ड्रीमलिस्ट’वर हव्या असलेल्या गेमला मत देता येतं; मागणीत अग्रभागी असलेला ‘डायनो क्रायसिस’ २०२५च्या जानेवारीत गॉगवर आला. तेव्हा मत द्या. तोच गेम दोन दुकानांत मिळत असेल तर कुलूप नसलेल्या दुकानातून घ्या. कुलूप नाही म्हणून मित्रांना फुकट वाटू नका. तशी प्रत्येक प्रत भित्र्या प्रकाशकाच्या हातात पुरावा ठरते. आणि मुलांना गेमसाठी पैसे देणाऱ्या आईबाबांनी एवढं विचारावं: नेट नसताना हा चालेल का, आणि कंपनी बंद पडली तर?

तुमच्या खात्यात असे गेम असतील तर त्यांचे इन्स्टॉलर उतरवून एका हार्ड डिस्कवर ठेवा आणि तिच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवा.