कॅथरीनची लेकीकडची वेल

वंशावळी बहुधा बापाच्या नावाने लिहिल्या जातात, म्हणून ही मुद्दाम आईकडून वाचा. कॅथरीन स्विनफर्ड ही जॉन ऑफ गाँटची आधी प्रेयसी, १३९६ मध्ये लग्नाची बायको. त्यांना लग्नाआधी झालेली लेक जोन ब्यूफोर्ट, जोनची लेक सिसिली नेव्हिल आणि सिसिलीचा मुलगा इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड!

२०१२ मध्ये लेस्टरच्या वाहनतळाखाली सापडलेला सांगाडा रिचर्डचाच, हे ठरवताना मोठा आधार मिळाला तो त्याच्या बहिणीच्या, ॲनच्या, लेकीकडच्या वंशजांचा. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो आणि तो जुळला. म्हणजे त्या हाडांत कॅथरीनचाच वारसा होता! केवढी थरारक गोष्ट! कॅथरीन आणि जोन, दोघी मायलेकी लिंकन कॅथेड्रलमध्ये जवळजवळच विसावल्या आहेत.