चाल कोण लावणार?

प्राथमिक शाळेतल्या संगीताचा इतिहास शोधायचा तर अभ्यासक्रमाची पुस्तकं बाजूला ठेवावीत आणि मुख्याध्यापकांकडून डेडस्टॉक रजिस्टर मागून घ्यावं. टेबल, घंटा, पृथ्वीचा गोल, लोखंडी पेटी अशा नोंदींच्या गर्दीत एक ओळ हमखास सापडते: हार्मोनियम, नग 1. तिच्याखाली ढोलक, नग 1. मंजिरी, जोड 1. माझी नोकरी जिथे जिथे झाली त्या प्रत्येक शाळेच्या रजिस्टरात ही ओळ होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द: नादुरुस्त.

ही वाद्यं आली खडू-फळा मोहिमेतून. 1986 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि पुढच्याच वर्षी केंद्र सरकारनं 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' सुरू केलं. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याचा एक ठरलेला संच. त्या संचात नकाशे, विज्ञानपेटी, खेळाचं साहित्य यांच्याबरोबर ढोलक किंवा तबला, हार्मोनियम आणि मंजिरीही होती. यादी करणाऱ्याला दुवा द्यावा असं हे काम. दिल्लीत बसून कुणाला तरी वाटलं की चांदवडच्या डोंगराखालच्या चौथीपर्यंतच्या शाळेतही पेटी वाजली पाहिजे.

पेटी आली, वाजवणारा आला नाही. आणि एकदा वस्तू डेडस्टॉकला चढली की ती वापरण्यापेक्षा सांभाळण्याचीच धास्ती मोठी. मोडली तर वसुली कुणाच्या पगारातून? म्हणून पेटी कपाटात गेली. दोन पावसाळ्यांत उंदरांनी भाता कुरतडला. एखादी पट्टी दाबली की वर यायची नाही, एखादा स्वर हवा भरली की कुणी हात न लावताच रडत राहायचा. दुरुस्तीला नाशिकला न्यायची म्हणजे एसटीच्या टपावर चढवायची, आणि बिलाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा ते कुणालाच ठाऊक नसायचं.

पण गाणं त्या पेटीबरोबर सुरू झालं नव्हतं आणि तिच्याबरोबर संपलंही नाही.

चांदवडपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, नाशिकच्या पंचवटीत, पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याची शेवटची काही वर्षं काढली. तिथला त्यांचा रामनाम आधार आश्रम जुन्या नाशिककरांना ठाऊक आहे. त्यांच्या नावाचं सभागृह अजूनही पंचवटीत उभं आहे. 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढताना त्यांनी जे केलं, ते त्या काळात धाडसाचं होतं: गाणं घराण्याच्या उंबऱ्याबाहेर काढून इयत्तांमध्ये बसवलं. स्वरलिपी तयार केली, लहान मुलांसाठी क्रमिक पुस्तकं लिहिली, फळा-खडू घेऊन 'सा रे ग म' शिकवलं. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले आणि तिथल्या मुलांना, मोठ्यांना, गळा असणाऱ्यांना आणि नसणाऱ्यांना एकत्र गायला बसवलं. 1930 च्या दांडी यात्रेत ते चालले, ते गात गातच. 1937 मध्ये वर्ध्याला मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना पुढे आली आणि झाकीर हुसेन समितीनं तिचा अभ्यासक्रम आखला, तेव्हा सूतकताईच्या जोडीला संगीत आणि चित्रकला हेही विषय धरले होते. नावात 'जीवन शिक्षण' असलेल्या जुन्या शाळा आपल्याकडे अजून दिसतात, त्या याच विचाराच्या खुणा. म्हणजे गाणं शाळेत असावं हे कुणी नाकारलेलं नाही. आजवरच्या कुठल्याच समितीनं नाकारलेलं नाही. प्रश्न नेहमी एकच राहिला: शिकवणार कोण?

आमच्याकडे त्याचं उत्तर बरीच वर्षं गावानंच दिलं. चांदवड म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव, अहिल्याबाईंच्या रंगमहालाचं आणि रेणुकामातेचं. देवीच्या नवरात्रात गोंधळ्यांचा संबळ ऐकत वाढलेलं पोर ठेका घेऊनच शाळेत येतं. मधल्या सुट्टीत रिकामा डबा उपडा करून ते काय वाजवतं ते एकदा नीट कान देऊन ऐकावं. गावोगावी हरिनाम सप्ताह, मारुतीच्या पारावर भजन. जुने 'फायनल' पास मास्तर बहुतेक याच भजनी मंडळातले. रात्री पारावर पेटी धरायची आणि सकाळी शाळेत प्रार्थना सांगायची, गळा तोच. साने गुरुजींची प्रार्थना, पसायदान, एखादी भूपाळी. त्यांना यमन आणि भूप यांतला फरक शास्त्रात सांगता आला नसता, पण कोणता अभंग कुठून उचलायचा हे चुकत नसे.

आणि पाढे. पाढे हे आपल्या शाळांतलं सर्वांत जुनं समूहगान आहे, असं माझं ठाम मत आहे. पावकी, निमकी, दिडकी म्हणताना पन्नास पोरं एका स्वरावर उभी राहायची, ओळीच्या शेवटी तो स्वर किंचित खाली उतरायचा आणि पुढची ओळ नेमक्या मात्रेवर उचलली जायची. कुणी घाई केली की सगळा वर्ग त्याला मागे खेचायचा. लय सांभाळणं म्हणजे दुसऱ्याचं ऐकणं, हे त्या पोरांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. 'घोकंपट्टी' म्हणून पाढ्यांची हेटाळणी झाली, ती गणिताच्या अंगानं बरोबरही असेल. गाण्याच्या अंगानं आपण काय घालवलं याचा हिशोब कुणी मांडला नाही.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, 27 जानेवारी 1967 ला बालभारती स्थापन झाली. राज्यभर एकच पुस्तक, त्यात कविता, आणि शिक्षकांसाठी सूचना: कविता तालासुरात म्हणून घ्या. या एका सूचनेवर आमच्या पिढीचं सगळं संगीतशिक्षण उभं राहिलं. कवितेला चाल नसते, ती लावावी लागते. मग गटसंमेलनाला तालुक्यातले शिक्षक जमले की शासकीय विषय आटोपल्यावर खरं काम सुरू व्हायचं: "गुरुजी, तिसरीच्या त्या पावसाच्या कवितेला तुम्ही काय चाल लावलीय?" कुणी ओवीच्या वळणावर बसवलेली असायची, कुणी अभंगाच्या, कुणी सरळ एखाद्या नाट्यपदावरून उचललेली. वडाळीभोईची चाल वडनेर भैरवला जायची आणि पुढच्या संमेलनात थोडी वाकडी होऊन परत यायची. हे शिक्षण कुठल्याही प्रशिक्षणाच्या अहवालात आलं नाही.

याच काळात संगीतकार वसंत देसाई यांनी समूहगानाचा ध्यास घेतला होता. शाळकरी मुलांचे मोठे मेळावे भरवून त्यांना ते एका सुरात गायला लावायचे. 1957 चा 'दो आँखे बारह हाथ' आणि 1971 चा 'गुड्डी' या चित्रपटांतल्या त्यांच्या प्रार्थना शाळाशाळांत पोचल्या, त्याही रेडिओवरून. तिकडे तारा मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांसोबत ते काम कोसबाडला नेलं, आणि बडबडगीत हे बालवाडीच्या दिवसाचं अविभाज्य अंग करून टाकलं. त्या परंपरेचं पाणी अंगणवाडीपर्यंत झिरपलं. आजही गावात सकाळी सर्वांत जास्त गाणं अंगणवाडीतच ऐकू येतं. तेच पोर पहिलीत आलं की हात बांधून बसतं.

आता गळ्याबद्दल. सहा-सात वर्षांच्या मुलाचा गळा सहजपणे सहा-सात स्वरांत फिरतो, फार तर एका सप्तकात. पुरुष शिक्षक काळी एक किंवा पांढरी एकचा षड्ज धरून गातात आणि मुलं आपोआप त्याच्या वरच्या सप्तकात गातात. चाल मध्य षड्जापासून धैवतापर्यंत राहिली तर सगळं सुरळीत. चाल खाली मंद्र पंचमाला गेली की मुलं गाणं सोडून बोलायला लागतात. वर तार गंधाराला गेली की किंचाळतात. 'बेसूर' म्हणून बाजूला काढलेली निम्मी पोरं बेसूर नसतातच, त्यांना दिलेली पट्टी त्यांची नसते. स्नेहसंमेलन जवळ आलं की अशा पोराला "तू नुसते ओठ हलव" असं सांगणारे शिक्षक सगळीकडे होते, अजूनही आहेत. उपाय अगदी साधा आहे. त्या पोराला हवा तो स्वर लावू द्यायचा, आपण त्याच्या स्वरावर जायचं, तोच षड्ज मानून दोन स्वरांची ओळ त्याच्याबरोबर म्हणायची. चार-आठ दिवसांत तो एकेक स्वर वर सरकतो. पण यासाठी समोर गाणारा माणूस लागतो, आणि त्याला ऐकूही यावं लागतं.

2010 साली दोन गोष्टी एकाच वर्षी आल्या. 1 एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभराहून जास्त पट असेल तर. पहिली ते पाचवीला, म्हणजे गळा जेव्हा खरोखर घडतो त्या वयाला, काहीच नाही. डोंगरकडेच्या वीस-पंचवीस पटाच्या वस्तीशाळेनं तर त्या कलमाकडे बघूच नये. दुसरी गोष्ट सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. कलेला आता श्रेणी आली, वर्णनात्मक नोंदी आल्या. हेतू चांगला होता. पण बाजारात लगेच तयार नोंदींची पुस्तकं निघाली आणि 'गीते तालासुरात म्हणतो', 'समूहगीतात आवडीने सहभागी होतो' ही वाक्यं अख्ख्या वर्गाच्या नोंदवहीत आळीपाळीनं उतरू लागली. ज्या वर्गात महिनाभर एकही गीत झालं नाही, तिथेही.

मग 2015 च्या आसपास शाळा डिजिटल होऊ लागल्या. लोकवर्गणीतून टीव्ही आले, पाठोपाठ ब्लूटूथ स्पीकर. परिपाठाला राष्ट्रगीत, प्रार्थना, समूहगीत सगळं त्या डब्यातून. आवाज मोठा, स्वर चोख, मागे सिंथेसायझर. मुलं गप्प किंवा ओरडत, कारण स्पीकर कुणासाठी थांबत नाही आणि पट्टी खाली घेत नाही. कविताही तशाच: यूट्यूबवर चाल मिळते, मग आपण कशाला लावायची? चाली एकसारख्या झाल्या. चांदवडची, चंदगडची आणि चंद्रपूरची तिसरी एकाच चालीत, एकाच ढोलकीच्या लूपवर कविता म्हणू लागली. यात शिक्षकाचा आळस कमी आणि भीती जास्त आहे. इतका घोटीव आवाज रोज कानावर पडल्यावर आपला घसा मुलांपुढे मोकळा करायची लाज वाटते.

कोरोनानं उरलंसुरलं तोडलं. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला 1 डिसेंबर 2021 उजाडला. मोबाइलवर गाण्याचे व्हिडिओ जात होते, पण एकत्र गाणं मोबाइलवरून होतच नाही; प्रत्येकाचा आवाज वेगळ्या क्षणी पोचतो. परत आलेली दुसरीची मुलं एकत्र 'एक साथ नमस्ते' सुद्धा एका लयीत म्हणू शकत नव्हती. ओळ संपायची तेव्हा निम्मा वर्ग अजून मध्यावर असायचा. वाचनाची झीज मोजायला चाचण्या झाल्या, ही झीज कुणी मोजली नाही.

त्यानंतरची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. 19 फेब्रुवारी 2023 पासून राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळ्यांनी स्वरबद्ध केलेलं आणि शाहीर साबळ्यांच्या खड्या आवाजानं घराघरात पोचलेलं 'गर्जा महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं आणि परिपाठात आलं. पावणेदोन मिनिटांचं गाणं, पण खळ्यांची चाल ती. वरवर सोपी आणि आत वळणं. निदान त्या निमित्तानं राज्यातल्या प्रत्येक शिक्षकाला मुलांना एक गाणं बसवून द्यावं लागलं. 2024 मध्ये 'आनंददायी शनिवार' आला, त्यातही संगीताला जागा आहे. जागा नेहमीच असते.

नवे शिक्षक पवित्र पोर्टलवरून येतात, अभियोग्यता चाचणी देऊन. दोनशे गुणांची परीक्षा, त्यात अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता. मुलं हुशार असतात, यात शंका नाही. गाऊन दाखवा, असं मात्र त्यांना कुणी म्हणत नाही.

अशाच एका नव्या मॅडमचा मध्यंतरी फोन आला. विदर्भातून थेट आमच्या भागातल्या वस्तीवर नेमणूक, दोनशिक्षकी शाळा, स्पीकर बिघडलेला. दुसरीच्या कवितेची चाल हवी होती. मी म्हणून दाखवली. त्यांनी रेकॉर्ड केली नाही, माझ्यामागून ओळ ओळ म्हटली, दोनदा अडखळल्या, तिसऱ्यांदा बसली. पुढे एकदा त्या बाजूला गेलो तेव्हा शाळेत डोकावलो. वर्ग गात होता, पण धृपदाच्या शेवटी माझ्या चालीत तार षड्ज होता तो गायब; पंचमावरूनच ओळ खाली वळवलेली.

"सर, तिथे पोरं ओरडत होती," मॅडम म्हणाल्या. "म्हणून बदलली."