लिनक्सचा पहिला धडा

संगणकाच्या सर्व भागांचा मेळ घालणारी आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. ती विकतच घ्यावी लागते, हा समज अजून दृढ आहे. वस्तुतः हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जगापुढे खुला ठेवला. १९९२ पासून लागू झालेल्या जीपीएल परवान्याने तो वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा व इतरांना देण्याचा हक्क सर्वांना दिला.

परंतु हक्क कागदावर असून भागत नाही. पहिल्या दिवशी शेजारी बसून दाखवणारे कोणीतरी लागते. स्वयंसेवकांचे विनाशुल्क वर्ग हीच उणीव भरून काढतात. तेथे नवशिक्यास प्रथम पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवतात. संगणकात साठवलेल्या फायलींना त्यामुळे धक्का लागत नाही. मन तयार झाल्यावर, फायलींची प्रत काढून मगच ते कायमचे बसवतात.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे अनेक जुने संगणक लिनक्सवर आणखी काही वर्षे चालू शकतात. नवा संगणक न परवडणाऱ्या घरातील मुलांसाठी हा मोठाच आधार होय. शिकलेल्याने पुढे एकास शिकवावे, हेच या वर्गांचे शुल्क असे आम्ही मानतो.