रात्रीचा चोर आणि घरातले शस्त्र

ज्ञानगंगा अभयारण्याच्या काठावरच्या गावांत पीक हाताशी आले की रात्रीची जागल सुरू होते. रोही आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे शेत आडवे करतो. अशा शेतकऱ्यासाठी पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना कायद्यात आहे. पण बुलडाण्याचा असो की मुंबईचा, परवाना मागणाऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारला जातो: बंदूक कशासाठी? जवळजवळ दोन हजार वर्षे या प्रश्नाचा कीस पाडणारा एक समाज जगात आहे, आणि त्याची एक शाखा आपल्या मराठी मुलखात रुजलेली आहे. तो समाज म्हणजे ज्यू.

ज्यूंच्या तोराहमध्ये, ‘निर्गम’ ग्रंथात, घर फोडणाऱ्या चोराचा नियम आहे. रात्री घरात शिरलेला चोर मारला गेला तर घरधन्यावर खुनाचा दोष येत नाही; सूर्य उगवल्यावर मारला तर येतो. अंधारात चोराचा हेतू कळत नाही, उजेडात कळतो आणि मदतही बोलावता येते. आपल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 41 पाहा: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीत स्वसंरक्षणाचा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत पोहोचू शकतो. दोन वेगळ्या जगांतले कायदे त्याच रात्रीपाशी येऊन थांबतात.

तालमूद हा ग्रंथ पुढे जातो. जीव घ्यायला येणाऱ्याला आधीच रोखावे, दुसऱ्याच्या जिवावर उठलेल्यालाही अडवावे, हे तिथे कर्तव्यच मानले आहे. पण लगेच मर्यादाही घातली आहे. हातापायाला जखम करून हल्लेखोर थांबला असता आणि तरी त्याला ठार केले, तर मारणाराच दोषी ठरतो. गरजेपेक्षा जास्त इजा करू नये, हीच गोष्ट आपल्या संहितेचे कलम 37 सांगते.

शस्त्र बाळगण्याबद्दलची चर्चा तर आजच्या घडीलाही लागू पडते. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी तलवार लावून बाहेर पडावे का, यावर तालमूदचा गाभा असलेल्या मिश्नामध्ये वाद आहे. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, एलिएझर म्हणतात, तलवार हा पुरुषाचा दागिना आहे. बाकीचे पंडित ते फेटाळतात. त्यांच्या मते शस्त्र लाजिरवाणी गोष्ट आहे, कारण तलवारींचे नांगराचे फाळ व्हावेत हे यशया संदेष्ट्याचे स्वप्न आहे. चावऱ्या कुत्र्याचाही नियम आहे: तो साखळीनेच बांधून ठेवावा. सीमेवरच्या गावात मात्र रात्री मोकळा सोडायला हरकत नाही, दिवसा पुन्हा बांधायचा. धोका खरा असेल तिथे आणि तेवढ्याच वेळेपुरती मोकळीक, असा हा विचार आहे.

तोच वाद आजही चालू आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये 27 ऑक्टोबर 2018 रोजी 11 भाविक मारले गेले. तेव्हापासून प्रार्थनास्थळी सशस्त्र पहारा असावा का, यावर तिथल्या ज्यूंमध्ये दोन्ही बाजू ठामपणे मांडल्या जातात. इस्रायलमध्ये राहण्याचे ठिकाण, काम, सैन्यातली सेवा पाहून परवाना मिळतो. 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यानंतर या अटी सैल झाल्या.

आपल्याकडचे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, अलिबागजवळच्या नवगावला आपले मूळ सांगतात. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे. शस्त्र त्यांनीही हाती घेतले, पण ते गणवेश चढवून. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले आणि 1796 मध्ये त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ आहे, दयेचे द्वार. पुढे याच समाजातले बेंजामिन सॅमसन भारतीय नौदलात व्हाइस ॲडमिरल झाले. घरात मात्र या समाजाला बंदुकीचा आधार शोधावा लागला नाही. इथे शेजाऱ्यांनी आमचा कधी छळ केला नाही, असे हा समाज आजही कृतज्ञतेने सांगतो.

तो विश्वास 26 नोव्हेंबर 2008 ला बाहेरून आलेल्या दहशतवाद्यांनी हादरवला. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे मात्र वाचला. त्याला उचलून बाहेर आणणाऱ्या, त्याचा सांभाळ करणाऱ्या सांड्रा सॅम्युअल यांच्या हातात कुठलेही शस्त्र नव्हते. त्या इमारतीत एनएसजीचे गजेंद्रसिंह बिश्त लढताना शहीद झाले.

सांड्रा आणि बिश्त या दोघांकडे पाहिले की त्या जुन्या पंडितांचे म्हणणे पटते. जीव वाचवण्यासाठी शस्त्र लागते, तेव्हा ते शिकलेल्या आणि जबाबदारी घेतलेल्या हातात असावे. आपण दसऱ्याला शस्त्र पूजतो. पूजा झाली की ते कुलपात ठेवा. बॅनरवर, वरातीत, मोबाइलच्या फोटोत मिरवू नका. शस्त्र हा दागिना नाही.