पडद्यावरची साक्ष – भाग ७ : इतिवृत्त न ठेवलेली बैठक

मागच्या भागातल्या ‘द फॉग ऑफ वॉर’बद्दल वाचून हिंगोलीच्या एका निवृत्त गुरुजींनी फोनवर विचारलं, “आपल्या बासष्टच्या मंत्र्याला असं कुणी खुर्चीत बसवलं नाही का हो?” आजचा भाग त्यांच्या या प्रश्नापायी.

एरॉल मॉरिसने २००३ च्या त्या माहितीपटात काय केलं होतं, ते थोडक्यात आठवू. कॅमेऱ्याच्या भिंगासमोर तिरपी काच, आणि काचेवर प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा. उत्तर देणारा त्या चेहऱ्याशी बोलतो आणि आपल्याला वाटतं, तो आपल्याच डोळ्यांत बघतोय. व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा, वय ८५, असे आपल्यासमोर बसतात. सगळंच कबूल करतात असं नाही. मंत्रिपद सोडल्यावर युद्धाविरुद्ध का बोलला नाहीत, हा प्रश्न शेवटी येतो आणि म्हातारा तो शिताफीने टाळतो. पण टाळताना दिसतो, आणि तेवढं पुरतं.

मात्र नुसती काच असून भागत नाही, हातात कागद लागतात. व्हिएतनाममध्ये आपण शिरलो कसे, याचा दप्तरी अभ्यास १९६७ मध्ये खुद्द मॅकनमारांनीच करायला लावला होता. ती सुमारे ७,००० पानं १९७१ मध्ये डॅनियल एल्सबर्गने वर्तमानपत्रांना दिली. ‘पेंटागॉन पेपर्स’ ती हीच.

आता आपल्याकडे येऊ. २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२, चीनशी झालेलं जेमतेम महिनाभराचं युद्ध. सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान मृत्युमुखी पडले, १,६९६ बेपत्ता झाले, जवळपास चार हजार चिन्यांच्या कैदेत गेले. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन. केरळचा माणूस, पण लोकसभेत निवडून आले होते उत्तर मुंबईतून, त्याच वर्षी आचार्य कृपलानींना हरवून. म्हणजे जाब विचारायचा पहिला हक्क मुंबईच्या मतदाराचा होता.

कॅमेरा तर मुंबईतच होता. १९४८ मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रं आणि माहितीपट मुख्य सिनेमाआधी दाखवणं ही थिएटरच्या परवान्याचीच अट होती. गुरुजींच्या पिढीला ते पक्कं आठवतं: दिवे मालवले तरी लोक निवांत पान लावत बाहेर उभे, कारण ‘अजून न्यूजरीलच चाललीय’. संरक्षण निधीसाठी अंगावरचे दागिने उतरवून देणाऱ्या बायका या सरकारी कॅमेऱ्याच्या कामाच्या होत्या. ईशान्येच्या आघाडीवरचं बोमदिला चिन्यांच्या हाती कसं पडलं, हा त्याचा विषय नव्हता. सरकारनेच चालवलेल्या कॅमेऱ्याने सरकारला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते.

राहिला कागद. मेनन ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळातून गेले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे. यशवंतरावांनी तिथे जाऊन पराभवाबद्दल काय सांगितलं, ते मात्र फारसं कुणी विचारत नाही. (अभिमानाची वाक्यं पाठ होतात, हिशेबाची होत नाहीत.)

लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी यांनी डिसेंबर १९६२ मध्ये चौकशी नेमली. १९४८ मध्ये निजामाच्या सेनापतीने ज्यांच्यापुढे शरणागती पत्करली तेच हे चौधरी, त्यामुळे मराठवाड्याला हे नाव नवं नाही. चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंह भगत यांनी केली. विषय होते प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमतीची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची कुवत. सगळे प्रश्न सैनिकाच्या बाजूचे. मंत्र्याच्या टेबलाचा त्यात उल्लेख नाही. लष्करी मुख्यालयाच्या कारभारातही शिरू नका, असं या दोघांना सांगितलेलं होतं.

२ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत निवेदन केलं. पहाडी युद्धाचं प्रशिक्षण कमी पडलं, सामग्री अपुरी होती, हे त्यांनी मान्य केलं. कितीही मोठ्या सैन्याला सरकारने धोरणाची दिशा द्यावी लागते, हेही सावधपणे सांगितलं. मेननांचं नाव न घेता बोलायचं म्हटलं तर याहून जास्त काय बोलता येणार होतं? पण चौकशीचा अहवाल त्यांनी सभागृहापुढे ठेवला नाही. सुरक्षेला आणि सैन्याच्या मनोबलाला ते बाधक ठरेल, असं कारण दिलं.

२०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्या अहवालाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. त्यात एक नोंद आहे. सप्टेंबर १९६२ मधल्या एका बैठकीत संरक्षणमंत्र्यांनी ठरवलं की विषय अतिगोपनीय असल्यामुळे इतिवृत्त ठेवायचं नाही. चीनविरुद्धच्या मोहिमेबाबतच्या त्यांच्या इतर बैठकांतही हाच शिरस्ता राहिला, असं चौकशी करणाऱ्यांनी लिहून ठेवलंय.

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या नोंदीत सापडलं. एका मंत्र्याने स्वतःच्या चुकांचं दप्तर लावायला सांगितलं, दुसऱ्याने दप्तरच होऊ दिलं नाही. उद्या कुणी कॅमेरा लावला असता, तर कुठला कागद पुढे करून विचारणार होता?

शिवाय ही एका पक्षाची गोष्ट नाही. मार्च २०१४ मध्ये अरुण जेटली विरोधी बाकावर होते तेव्हा दस्तऐवज किती काळ कुलपात ठेवायचे, असं विचारत होते. जुलैमध्ये संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेत त्यांनीच सांगितलं की हा अहवाल उघड करणं राष्ट्रहिताचं नाही. उलट कारगिलचं बघा. ३ मे १९९९ ला मेंढपाळांना तिथे घुसखोर दिसले. त्या युद्धावरचा सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही भाग गाळून का होईना, २३ फेब्रुवारी २००० ला संसदेपुढे आला. ते युद्ध अर्थात आपण जिंकलो होतो.

पुढच्या आठवड्यात आनंद पटवर्धनांचा ‘जंग और अमन’: सेन्सॉर बोर्डाने त्यात काय काय कापायला सांगितलं आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही काट न लावता तो का सोडला.