जुहूच्या चिखलातली विमान कंपनी

टाटांची विमानसेवा सांताक्रूझ विमानतळावरून सुरू झाली, असं अंधेरी-पार्ल्यातले कितीतरी लोक ठामपणे सांगतात. पण सांताक्रूझचा तळ उभा राहिला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे निघालेले जे. आर. डी. टाटा उतरले ते जुहूला.

तिथे धावपट्टी कसली, समुद्राकाठची सखल चिखलाची जमीन! मोठ्या भरतीला ती समुद्रपातळीच्या खाली असे आणि पावसाळ्यात पाण्याखाली. मग विमानांसकट सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवायचं, पाऊस सरला की परत जुहूला. पावसाळ्यात तुंबणाऱ्या मुंबईच्या मिलन सबवेत अडकणाऱ्यांना याचं नवल वाटायला नको.

त्या पहिल्या फेरीत प्रवासी होते, हीही लोकांची समजूत. एका इंजिनाच्या त्या छोट्या ‘पुस मॉथ’मध्ये होतं सुमारे २५ किलो टपाल. लंडनचं टपाल इम्पीरियल एअरवेज कराचीपर्यंत आणी. तिथून पुढे मुंबई-मद्रासला पोचवणं, हा टाटांचा धंदा. पहिल्या अख्ख्या वर्षात प्रवासी मिळाले अवघे १५५.

जेआरडींना ‘पहिले भारतीय वैमानिक’ म्हणणंही चूक. पहिल्या महायुद्धातच इंद्रलाल रॉय आणि हरदित सिंग मलिक फ्रान्सच्या आकाशात लढले होते. जेआरडी भारतात शिकून परवाना मिळवणारे पहिले. तारीख १० फेब्रुवारी १९२९, परवाना क्रमांक १. पॅरिसमध्ये जन्मलेल्या, फ्रेंच आईच्या या मुलाकडे तोवर फ्रेंच नागरिकत्वच होतं.

टाटांची हीच कंपनी पुढे एअर इंडिया झाली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारने जेआरडींना तिथून घालवलं, असंही म्हणतात. कंपनी गेली, अध्यक्षपद राहिलं. ते काढून घेतलं १९७८ मध्ये, मोरारजी देसाईंच्या सरकारने.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र ‘एकट्याने कंपनी काढली’ हा. टपालसेवेची योजना घेऊन टाटांकडे आले ते नेव्हिल व्हिंटसेंट, ब्रिटिश हवाईदलातले माजी वैमानिक. १९३२ च्या त्या दिवशी जुहूहून बेल्लारीमार्गे मद्रासकडे टपाल नेलं तेही त्यांनीच, म्हणजे निम्मी वाट त्यांची. १९४२ मध्ये विमानप्रवासातच त्यांचा अंत झाला आणि पुढची कीर्ती एकाच नावावर जमा होत गेली. जेआरडी मोठे होतेच, पण या कंपनीचे संस्थापक मोजायचे तर दोन मोजावे लागतात.