परवान्याचे पिस्तूल : हक्क कमी, जबाबदारी जास्त

परवाना कोण देतो? नाशिक शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. अर्जदाराचे वय किमान 21 वर्षे हवे. पोलीस पडताळणी होते आणि जिवाला धोका का आहे, हे पटवून द्यावे लागते.

किती, किती काळ? शस्त्र कायद्यातील 2019च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त 2 बंदुका बाळगता येतात, पूर्वी ही मर्यादा 3 होती. परवान्याची मुदत 5 वर्षे.

बाहेर नेताना : शस्त्र नियम 2016 नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात हवे. ते उपसून दाखवणे, मिरवणे यास सक्त मनाई आहे.

लग्नात, वरातीत गोळीबार? इतरांच्या जिवाला धोका होईल असा हर्षोल्हासातला गोळीबार केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

गोळी कधी? भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल, तर हा हक्क उरत नाही.

घरी : पिस्तूल रिकामे करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. मुलांना किल्ली सापडता कामा नये.

निवडणुकीत : प्रशासनाचा आदेश आल्यास शस्त्र जमा करावे लागते.

गावठी कट्टा स्वस्तात मिळाला, तरी विनापरवाना बंदुकीला किमान 2 वर्षांची कैद आहे. धमकी आली, तर आधी 112 फिरवा.